घरी जाऊन विचारणारे भाऊ

भाऊ कुठेही बसण्याआधी खुर्ची हलवून बघत. चर्चच्या हॉलमधली प्लास्टिकची खुर्ची असो, नाहीतर कोणाच्या घरचा नवाकोरा सोफा. दोन्ही हातांनी पाठ धरायची, एकदा पुढे, एकदा मागे, एकदा आडवी हलवायची आणि मगच टेकायचं. आमच्याकडे ते पहिल्यांदा आले तेव्हा सोफा घरात येऊन चारच दिवस झाले होते. माझ्या बायकोचा चेहरा पडला. ते गेल्यावर ती म्हणाली, "माणूस भला असेल हो, पण हे काय? आपण त्यांना मोडका सोफा देऊ का?"

त्यांचा धंदाच तसा होता. एका बांधकाम कंपनीत ते सेफ्टीचं काम बघत. इमारतीभोवती बांधलेली परांची रोज सकाळी तपासायची, ठीक असेल तर हिरवं कार्ड अडकवायचं, नसेल तर लाल. हिरवं कार्ड दिसलं की मजूर बिनधास्त वर चढतात. भाऊंचा त्या कार्डावर काडीचा विश्वास नव्हता, आणि ते कार्ड लिहायचे तर ते स्वतःच. कामगारांना ते हिंदीत सांगत, "हरा कार्ड तो कोई भी लटकाएगा. पाइप हिलाके देखो." आणि आम्हाला मराठीत, "कार्ड बघू नको, हलवून बघ."

त्यांचं नाव मी इथे सांगणार नाही. नगर जिल्ह्यातले होते, सगळे त्यांना भाऊ म्हणत, एवढं पुरे. शारजाच्या अल नहदामध्ये आम्ही एकाच इमारतीत राहत होतो, ते अकराव्या मजल्यावर आणि मी नवव्या. तुम्हीही अशी माणसं पाहिली असतील, ज्यांच्यासमोर आपण उगाचच शर्टाचं वरचं बटण लावतो. भाऊ रागावत नसत, आवाज चढवत नसत. पण ते लिफ्टमध्ये शिरले की मी मोबाइल खिशात ठेवत असे.

आमची मराठी मंडळी लहान, साठ-सत्तर माणसांची. शारजातल्या चर्च कंपाउंडमधला एकच हॉल आठवडाभर निरनिराळ्या भाषांचे लोक वाटून घेतात. आम्हाला मिळालेली वेळ शुक्रवारी चार ते सहा. आमच्या आधी मल्याळी, आमच्यानंतर तेलुगू. सहाला पाच कमी असताना तेलुगू मंडळी दाराशी येऊन उभी राहत आणि त्यांचा ढोलकवाला आत डोकावायला लागे. त्याचं डोकं दिसलं की आमची शेवटची प्रार्थना आपोआप आखूड होई. अल ऐनहून दीड तास गाडी चालवत नर्सबाया यायच्या, कामगारांच्या कॅम्पातून बस करून नगर-जालन्याकडची एकटी राहणारी माणसं यायची. पाळक, म्हणजे पास्टर, महिन्यातून एकदाच येत. बाकीचे शुक्रवार एल्डर लोकांनी, म्हणजे मंडळीने निवडलेल्या पुढाऱ्यांनी, सांभाळायचे, आणि त्या एल्डरांमध्ये मुख्य भाऊ.

नवा एल्डर मतांनी निवडला जाई. पण नाव मतांना जाण्याआधी भाऊ त्या माणसाच्या घरी जात. न सांगता. गेले की काहीतरी कारण काढून त्या माणसाला बाहेर पिटाळत आणि त्याच्या बायकोला, मुलांना विचारत, "हा घरी कसा आहे?" बस्स, एवढंच. त्यांचं म्हणणं असं, की शास्त्रात, म्हणजे बायबलमध्ये, मंडळीचा पुढारी कसा असावा हे सांगितलंय, त्यात गाता येतं का, इंग्रजी येतं का, गाडी कुठली आहे, असलं काही नाही. ज्याला आपलं घर सांभाळता येत नाही तो देवाचं घर काय सांभाळणार, हे मात्र आहे. "मग घर आहे तिथं जाऊनच विचारायला पाहिजे की नाही?" ते म्हणत.

माझं नाव निघालं त्या वर्षी ते आमच्याकडे आले. सोफा हलवला, बसले, पाणी प्यायले. मग मला म्हणाले, "खाली ग्रोसरीत जाऊन लबान घेऊन ये रे. उन्हानं जीव नकोसा झालाय." मी मुकाट्याने ताकाची बाटली आणायला गेलो. परत आलो तेव्हा बायको छताकडे बघत होती आणि आमची सहा वर्षांची मुलगी भाऊंच्या शेजारी पाय हलवत बसली होती. ताक पिऊन भाऊ उठले. लिफ्टपाशी मला म्हणाले, "अजून एक-दोन वर्षं जाऊ दे."

मागाहून कळलं. बायकोने इमानेइतबारे नवऱ्याची बाजू राखली होती. मुलगी मात्र म्हणाली होती, "पपा प्रेज व्हेरी सॉफ्टली, बट इन द कार ही शाउट्स अॅट एव्हरीबडी." भाऊंनी त्या वर्षी मला मंडळीचा सेक्रेटरी केलं. मी चिडून विचारलं, "सेक्रेटरीने गाडीत ओरडलं तर चालतं वाटतं?"

"सेक्रेटरीबद्दल शास्त्रात काही लिहिलेलं नाही," भाऊ म्हणाले. तेव्हापासून मी त्यांच्यासाठी कायमचा 'सेक्रेटरी' झालो.

त्यांच्या दारात कंपनीची पिकअप उभी असे. शुक्रवारी तिला ते हात लावत नसत, कारण ती कामासाठी दिलेली होती. त्यामुळे भाऊ, वहिनी आणि त्यांची मुलगी असे तिघे दर शुक्रवारी माझ्या गाडीतून चर्चला येत. मी ओरडू नये म्हणून भाऊ पुढच्या सीटवर बसत आणि कोणी आडवं घुसलं की माझ्याआधी तेच म्हणत, "जाऊ दे, त्याच्या घरी घाई असंल."

मुलगी तेव्हा सोळा वर्षांची होती. अभ्यासात हुशार, बोलणं मोजकं, मराठी समजायची पण उत्तर इंग्रजीत द्यायची. बापाचा तिच्यावर भारी जीव. साइटवरून आले की हेल्मेट काढायच्या आधी भाऊ तिला हाक मारत, हे वहिनी हसून सांगत. आणि ती बापाला सगळं सांगत असे. आईला नाही, बापाला. आमच्या इमारतीतल्या इतर आयांना याचा हेवा वाटे.

एका शुक्रवारी भाऊ उपदेश करत होते. बोलायचे सुरेख, साधं आणि थेट. मनापासून प्रार्थना करण्याबद्दल सांगता सांगता ते म्हणाले, "माझ्या ओळखीचं एक लेकरू आहे. तिनं मला सांगितलं, मी चर्चमध्ये गाते तेव्हा नुसते ओठ हलवते. आत काहीच वाटत नाही. मला भीती वाटते की देव नाहीच." मागे एका नर्सबाईंनी डोळे पुसले. भाऊ पुढे म्हणाले, की असं खरं बोलणारं लेकरू आपल्यासारख्या खोटं गाणाऱ्या मोठ्यांपेक्षा देवाच्या जवळ आहे. फार चांगलं बोलले. मी तिसऱ्या रांगेत होतो. माझ्यापुढे त्यांची मुलगी बसली होती. ती उठली आणि पाणी प्यायला जावं तशी बाहेर गेली. परत आली नाही.

उपासना संपल्यावर ती मला पार्किंगमध्ये गाडीला टेकून उभी दिसली. अल नहदाच्या सिग्नलला ती मागून म्हणाली, "यू प्रॉमिस्ड, पपा." एवढे तीन शब्द. भाऊंनी वळून बघितलं. घरी पोचल्यावर माझ्या खांद्यावर हात ठेवून ते म्हणाले, "सेक्रेटरी, हे गाडीतलं गाडीत राहू दे." मी मान हलवली. मंडळीत बाकी कोणाला काही कळलं नव्हतं. भाऊंच्या ओळखीच्या लेकरांची काय कमी होती?

त्यानंतर ती चर्चला आली नाही. लोक विचारत, आणि भाऊ सांगत, "परीक्षा आहे." पुढच्या महिन्यात पुन्हा, "परीक्षा आहे." आखाती देशातल्या शाळांना परीक्षा भरपूर असतात, त्यामुळे कोणाला संशय आला नाही. घरात ती बापाशी 'येस पपा', 'फाइन पपा' यापलीकडे बोलत नव्हती. हे मला वहिनींनी माझ्या बायकोकडे रडल्यामुळे कळलं. बारावी झाल्यावर ती कॉलेजसाठी पुण्याला गेली. विमानतळावर तिने आईला मिठी मारली आणि बापाशी हात मिळवला. भाऊ हे मला सांगताना हसले होते. मला ते हसणं बघवलं नाही.

त्या उपदेशाच्या शुक्रवारपासून दोन वर्षं अशीच गेली. भाऊ एल्डर होतेच. इतरांच्या घरी जाऊन विचारत होतेच.

मग दुबईतल्या अल मनखूलला राहणाऱ्या एका साहेबांचं नाव एल्डरसाठी निघालं. मोठ्या कंपनीत मॅनेजर, आवाज भारदस्त, मंडळीच्या प्रत्येक कामात पुढे. ते एल्डर होणार हे सगळ्यांनी धरूनच ठेवलं होतं. एका शनिवारी दुपारी भाऊ म्हणाले, "सेक्रेटरी, चल मनखूलला." मी त्यांना घेऊन गेलो. साहेबांना त्यांनी माझ्याबरोबर खाली धाडलं, माझ्या गाडीचा कसलासा आवाज ऐकायला. गाडीला कसलाही आवाज नव्हता. साहेब बॉनेट उघडून वीस मिनिटं ऐकत राहिले आणि शेवटी त्यांनी एक शोधून काढलाही.

आम्ही परत निघालो. साहेबांच्या बायकोने काय सांगितलं ते त्यांनी मला तेव्हाही सांगितलं नाही, नंतरही नाही. इतकंच म्हणाले, "बाई बोलली. आणि बोलल्यावर घाबरली. म्हणाली, भाऊ, हे बाहेर जाणार नाही ना? मी म्हणालो, बाई, शब्द देतो."

इत्तिहाद रोडवर नेहमीसारखी गर्दी होती. "मी शब्द देतो म्हणालो, सेक्रेटरी," ते म्हणाले. "किती झटकन म्हणालो रे. माझ्या लेकरालाही असंच म्हणालो होतो."

मी म्हणालो, "भाऊ, झालं ते झालं. तुम्ही काय वाईट हेतूने सांगितलं होतं का?"

"माझ्या घरी कोण गेलं विचारायला?"

"तुमच्या घरी कशाला कोण जाईल?"

"तेच म्हणतोय मी," भाऊ म्हणाले.

इमारतीच्या पार्किंगमध्ये गाडी लावल्यावर ते उतरले आणि खांबापाशी जाऊन त्यांनी पुण्याला फोन लावला. मी गाडीतच बसून राहिलो. त्यांची पाठ माझ्याकडे होती. दहा-पंधरा मिनिटांनी ते आले. डोळे लाल होते, पण आवाज नेहमीचा. म्हणाले, "मी तिला सांगितलं, येत्या शुक्रवारी मी मंडळीपुढं कबूल करणार आहे. माझ्या हातून प्रभुभोजनाची भाकर वाटली जाते, आणि घरात लेकराशी समेट नाही, हे चालायचं नाही. पण बोलायचं तर तुला विचारून. ती म्हणाली, पपा, तुमचं सांगा. माझं नका सांगू."

"मग काय सांगणार?"

"माझं," भाऊ म्हणाले.

त्या शुक्रवारी प्रभुभोजन होतं. टेबलावर पांढरं कापड, भाकर, द्राक्षरसाचे छोटे प्याले. भाऊ टेबलामागे गेले आणि प्रार्थना सुरू करायच्या ऐवजी म्हणाले, "माझ्या घरातल्या एका माणसाला मी शब्द दिला होता. तो मी मोडला. मोठा गुन्हा केला. वर दोन वर्षं घरात सगळं ठीक आहे असं तुम्हाला खोटं सांगत आलो. तुमच्या घरी जाऊन मी जे विचारत होतो, त्याला माझ्या घरात उत्तर नव्हतं. आजपासून मी एल्डर नाही. मला क्षमा करा." मग टेबलामागून बाहेर आले आणि शेवटच्या रांगेत जाऊन बसले. त्या दिवशी त्यांनी भाकर घेतली नाही.

कोणीतरी विचारलं, "पण झालं काय, भाऊ?" ते म्हणाले, "माझं होतं तेवढं सांगितलं."

मला वाटलं होतं, लोक त्यांना डोक्यावर घेतील. मी मूर्ख होतो. माणूस एवढं बोलला आणि पुढचं बोलला नाही, म्हणजे पुढचं भयंकर असणार, असा लोकांनी हिशेब केला. शब्द मोडला म्हणजे कोणाचा? बायकोचाच असणार. म्हणजे कुठेतरी बाई असणार. कोणी म्हणालं, कॅम्पाच्या बाजूला त्यांना कोणीतरी पाहिलंय. कोणी दारूचं नाव घेतलं. मनखूलच्या साहेबांचं नाव भाऊंनी मतांना पाठवलं नव्हतं आणि कारणही दिलं नव्हतं, कारण ते सांगणं म्हणजे त्या बाईला दिलेला शब्द मोडणं. आता साहेब सांगू लागले, "बघा, असा माणूस माझी परीक्षा घ्यायला आला होता." वहिनींना बायका कोपऱ्यात घेऊन हळूच विचारत. त्या म्हणत, "त्यांनी सांगितलं तेवढंच." त्यामुळे तर लोकांची खात्रीच पटली.

मला राहवेना. एकदा लिफ्टमध्ये मी म्हणालो, "भाऊ, मी गाडीत होतो. मला माहीत आहे. मी सांगतो लोकांना, खलास, एका दिवसात तोंडं बंद होतील."

"काय सांगशील?"

"खरं काय ते."

"म्हणजे तिचं सांगशील. मग मी काय वेगळं केलं होतं?"

"अहो, पण लोक तुमच्याबद्दल काय काय बोलतात!"

"माझ्याबद्दल बोलतात ना?" भाऊ म्हणाले. "तिच्याबद्दल नाही ना? मग बोलू दे." अकरावा मजला आला आणि ते उतरले.

मुलांचा शब्बाथ शाळेचा, म्हणजे बायबल शिकवण्याचा, वर्ग भाऊ घेत असत. कमिटीने तो काढून घ्यायचं ठरवलं. पत्र सेक्रेटरीने लिहायचं असतं. मी टाइप केलं. त्यात 'सध्या' हा शब्द मी माझ्या मनाने घातला, तेवढाच मऊपणा. भाऊंनी पत्र वाचलं, घडी घालून खिशात ठेवलं आणि मला म्हणाले, "चांगलं लिहिलंस." त्यानंतर ते लवकर येऊन हॉलमधल्या खुर्च्या लावू लागले. प्रत्येक खुर्ची हलवून. कोणी मदतीला जात नसे. अल ऐनच्या एक नर्सबाई तेवढ्या जात. बाकीचे आम्ही बाहेर उभं राहून मल्याळी लोकांशी हवापाण्याच्या गप्पा मारत असू.

आणि गाडीचं सांगायचं राहिलं. दोनेक महिन्यांनी मी भाऊंना म्हणालो, की आमच्या मुलीचा वाजवायचा की-बोर्ड आता दर शुक्रवारी न्यावा लागतो, मागची सीट भरते. की-बोर्ड खरोखर होता. पण तो डिकीत मावायचा. भाऊ म्हणाले, "अरे, बस आहे की दारातून." मग ते दोघे बसने येऊ लागले. उन्हाळ्यात थांब्यावर वहिनी पदराने वारा घेत उभ्या दिसत. मी शेजारच्या लेनमधून जात असे.

वर्षभराने त्यांच्या कंपनीचं काम संपलं, व्हिसा रद्द झाला आणि ते गावी गेले. मंडळीने निरोपाचा कार्यक्रम केला नाही. जाताना त्यांनी मला हॉलच्या खुर्च्यांची एक यादी दिली, कुठल्या खुर्चीचा पाय तडकलाय त्याची. सात खुर्च्या होत्या. त्यातल्या दोन मी बदलून घेतल्या.

त्यानंतर आठ महिन्यांनी ते वारले. हृदयविकार, सकाळी चर्चला जायला म्हणून तयार होत असताना. वहिनींनी फोन केला. मी एवढंच म्हणू शकलो, "काही लागलं तर सांगा." आखातातला माणूस दुसरं काय म्हणणार?

त्या आठवड्यात भाऊंच्या मुलीचा व्हॉट्सअॅपवर मेसेज आला. लांबलचक, इंग्रजी अक्षरांत मराठी. तिने मराठीत लिहिलेलं मी पहिल्यांदाच पाहत होतो. चुका होत्या, अडखळत लिहिलेलं होतं. वर लिहिलं होतं, "अंकल, हे चर्चमध्ये वाचून दाखवाल का? प्लीज." मी ते देवनागरीत उतरवून काढलं. आमच्या कमिटीने भाऊंसाठी पाच मिनिटांची स्मरणप्रार्थना ठेवली होती. त्या शुक्रवारी मी ते वाचलं.

तिने लिहिलं होतं:

"चर्चमध्ये ओठ हलवणारी मुलगी मी होते. मी पपांना सीक्रेट सांगितलं होतं आणि त्यांनी ते तुमच्यासमोर बोलून टाकलं. मी दोन वर्षं त्यांच्याशी नीट बोलले नाही. मग त्यांनी फोन करून सॉरी म्हटलं. मी म्हटलं, तुमचं सांगा, माझं नका सांगू. मला वाटलं ते कसंही करून सांगतीलच, कारण मोठे लोक सांगतातच. त्यांनी नाही सांगितलं. त्या दिवसापासून मी त्यांना रोज फोन करायला लागले. मी विचारायचे, चर्चमध्ये काय चाललंय. ते म्हणायचे, खुर्च्या लावतो. आता फ्युनरलला, आधी शारजात असलेल्या एका आंटीने मला विचारलं, तुझ्या पपांचं तिथे कोणाशी अफेअर होतं? तेव्हा मला कळलं तुम्ही काय समजत होता. त्यांनी मला कधीच सांगितलं नाही. ते एका वाक्यात सुटले असते. माझं एक वाक्य. मला अजून प्रार्थना जमत नाही. पण पपा जे बोलायचे ते करायचे, हे मी बघितलं आहे."

मी कागद खाली ठेवला. मनखूलचे साहेब पहिल्या रांगेत होते. ते आता एल्डर आहेत. ते खाली बघत होते. त्यांच्या शेजारी त्यांची बायको रडत होती, तोंडावर रुमाल दाबून, आवाज न करता. पाळक त्या दिवशी आले होते. त्यांनी विचारलं, "कोणाला काही बोलायचं आहे?"

बोलायचं मला होतं. मला सगळं आधीपासून माहीत होतं, हे निदान सांगायला हवं होतं. भाऊंनी मला मुलीचं गुपित सांगायला मनाई केली होती. त्यांच्या शेजारी उभं राहायला मनाई केली नव्हती. त्यांच्याबरोबर खुर्च्या लावायला, त्यांना गाडीत घ्यायला गुपित फोडावं लागत नव्हतं. पण मी उभा राहिलो नाही. मीही आता एल्डर आहे. भाऊ शारजा सोडून गावी गेले त्याच महिन्यात साहेबांनी माझं नाव सुचवलं होतं, आणि आता घरी जाऊन विचारणारं कोणी उरलं नव्हतं. तेवढ्यात सहा वाजत आले, तेलुगू मंडळी दाराशी आली आणि आम्ही उठलो.

भाऊंच्या मुलीने संध्याकाळी विचारलं, "वाचलंत? लोक काय म्हणाले?" मी खरं ते लिहिलं, "कोणी काही बोललं नाही. मीसुद्धा नाही." हे सगळं लिहू का, असंही तिला विचारलं. ती म्हणाली, लिहा. म्हणून तिचं लिहिलं. आता माझं राहिलेलं तेवढं लिहितो.

भाऊ गावी गेले तो शनिवार होता. आदल्या दिवशी ते मला लिफ्टमध्ये भेटले आणि म्हणाले, "सेक्रेटरी, उद्या सकाळी एअरपोर्टला सोडशील का? दोनच बॅगा आहेत." माझं नाव पुढच्या आठवड्यात मतांना जाणार होतं, आणि आमच्या इमारतीत मंडळीची आणखी तीन घरं आहेत. मी म्हणालो, "उद्या ऑफिसात मीटिंग आहे हो, भाऊ." शनिवारी आमचं ऑफिस बंद असतं हे त्यांना माहीत होतं. ते माझ्याकडे बघून म्हणाले, "बरं, बरं. टॅक्सी मिळंल." आणि माझ्या खांद्यावर हात ठेवला.

सकाळी मी नवव्या मजल्याच्या खिडकीपाशी उभा होतो, घरच्या कपड्यांत. खाली टॅक्सी उभी होती. भाऊंनी बॅगा डिकीत ठेवल्या, वहिनींना हात धरून आत बसवलं, साडीचा काठ दारात अडकत होता तो वाकून आत सारला. माझी मुलगी कधी मागे येऊन उभी राहिली ते मला कळलं नाही. तिने खाली बघितलं, मग माझ्याकडे बघितलं.

"पपा," ती म्हणाली, "यू सेड यू हॅव अ मीटिंग."

मी तिला दात घासायला जा म्हणालो. ती गेली नाही. आम्ही दोघं तिथेच उभे होतो, आणि खाली टॅक्सी सिग्नलपाशी वळून दिसेनाशी झाली.